ओब्रादोविचसारखं थेट मुख्य प्रशिक्षक होता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोसम संपताच तुमच्या बास्केटबॉल क्लबचे प्रशिक्षक निघून गेले. तुमचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू खेळवून चढाई रचणारा खेळाडू, ३१ वर्षांचा आहे, गुडघे अजून शाबूत आहेत, आणखी दोन वर्षं सहज खेळेल. समितीतल्या दोघा-तिघांचं म्हणणं की त्यालाच मुख्य प्रशिक्षक करून टाका. दाखला देतायत झेल्को ओब्रादोविच या सर्बियन प्रशिक्षकाचा. त्यानेही ३१ व्या वर्षी खेळणं थांबवलं, संघ हातात घेतला आणि पहिल्याच मोसमात युरोपचं विजेतेपद आणलं. हा दाखला तुमच्या क्लबला लागू पडतो का, असं तुम्ही विचारलंय.

दाखला खरा आहे, पण समिती अर्धाच सांगतेय. खेळाडू चांगला प्रशिक्षक होतो का, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पुष्कळ झालेत. तुम्हाला ठरवायचंय ते वेगळं आहे: पहिल्या वर्षी या मुलाच्या पाठीशी कोण उभं राहणार, आणि त्याच्या हातापायांत मुरलेला खेळ त्याला दुसऱ्याला शब्दांत सांगता येतो का. बाकी बरंचसं परिस्थितीवर आहे. संघाचं सरासरी वय, सहायकाला मानधन देण्याची ऐपत, तो मुलगा आत्ताच संघातला सर्वांत ज्येष्ठ आहे की त्याच्याहून मोठे दोघं-तिघं अजून खेळतायत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे सरळ हो किंवा नाही मी सांगणार नाही. ओब्रादोविचच्या बाबतीत नेमकं काय काय जुळून आलं होतं ते आधी बघू.

तो ९ मार्च १९६० चा, सर्बियातल्या चाचाक गावचा. गाव लहान, पण बास्केटबॉलचं वेड मोठं. युगोस्लाव्हियाचा गाजलेला खेळाडू द्रागान किचानोविचही तिथलाच. ओब्रादोविच आधी गावच्या बोराट्स क्लबकडून खेळला आणि १९८४ मध्ये बेलग्रेडच्या पार्टिझानमध्ये गेला. १९८७ ची युगोस्लाव्ह लीग आणि १९८९ चा कोराच कप (युरोपातल्या क्लबांची दुय्यम स्पर्धा) त्याने खेळाडू म्हणून जिंकला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रौप्य आणि १९९० च्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या युगोस्लाव्ह संघातही तो होता. पण त्या संघात द्राझेन पेत्रोविच, टोनी कुकोच, व्लादे दिवाच होते. अशा संघात दुय्यम गार्डच्या वाट्याला बेंचवरचा बराच वेळ येतो. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. जो मैदानावर सगळं स्वतःच्या कौशल्यावर निभावून नेतो, त्याला खेळ समजावून सांगायची गरज कधी पडत नाही. ज्याला बाहेर बसून पाहावं लागतं आणि आत गेल्यावर चौघांना जागेवर लावावं लागतं, त्याची प्रशिक्षकाची तालीम नकळत सुरू झालेली असते.

१९९१ च्या उन्हाळ्यात तो युरोपियन स्पर्धेसाठी राष्ट्रीय प्रशिक्षक दुशान इव्कोविच यांच्या शिबिरात होता. पार्टिझानचा कारभार तेव्हा किचानोविचकडे होता. मुख्य प्रशिक्षकपदाचं विचारणं आलं, ओब्रादोविचने शिबिर सोडलं, खेळणं त्याच क्षणी बंद केलं. समितीला सांगा, त्याने ‘एक वर्ष दोन्ही करून बघू’ असं म्हटलं नाही.

आता समितीने गाळलेला भाग. त्या मोसमात पार्टिझानसाठी सल्लागार म्हणून अलेक्सांदर निकोलिच होते. युगोस्लाव्ह बास्केटबॉलमध्ये त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणत, आणि ते नुसतं टोपणनाव नव्हतं. बेलग्रेडच्या शारीरिक शिक्षण विद्यापीठ-विभागात ते खरोखर शिकवत. इटलीच्या वारेझे क्लबला त्यांनी तीनदा युरोपचा विजेता केलं होतं आणि १९७८ मध्ये युगोस्लाव्हियाला जगज्जेतं. १९९१ मध्ये त्यांनी पासष्टी ओलांडली होती. नवख्या प्रशिक्षकाच्या जागेवर त्यांचा डोळा असायचं काही कारण नव्हतं. सल्लागार निवडताना ही अट मी अनुभवापेक्षाही वर ठेवतो. ज्याला ती खुर्ची स्वतःला हवी आहे, त्याला कधीही सल्लागार करू नका. तीन सामने हरले की तो समितीच्या घरी चहाला जायला लागतो.

दुसरी गोष्ट, संघ त्याच्या ओळखीचा होता. साशा जोर्जेविच २४ चा, प्रेद्राग दानिलोविच २१ चा. यांच्याबरोबर किंवा यांच्यासमोर तो रोज सराव करत होता. कुणाचा डावा हात कच्चा, कोण दमल्यावर बचावात उभा राहतो, हे शोधायला सहसा नव्या माणसाचे पहिले दोन महिने जातात. ओब्रादोविचला ते आधीच ठाऊक होतं. शिवाय बहुतेक खेळाडू त्याच्याहून सहा ते दहा वर्षांनी धाकटे. त्याच्याबरोबर खेळलेले दिवाच आणि पास्पाल्य तोवर क्लब सोडून गेलेले होते. म्हणजे कालच्या मित्राला बेंचवर बसवायचा प्रसंग त्याच्यावर कमीच आला.

तिसरी गोष्ट उलट दिशेची. युगोस्लाव्हियातल्या युद्धामुळे पार्टिझानला युरोपियन लीगचे घरचे बहुतेक सामने स्पेनमधल्या फुएनलाब्रादा गावात खेळावे लागले. अडचण मोठी होती, पण सततच्या प्रवासात आणि हॉटेलांत संघ एकत्र राहिला आणि घरच्या प्रेक्षकांचं, वर्तमानपत्रांचं दडपण लांब राहिलं. तरुण संघ आणि नवखा प्रशिक्षक यांना ते मानवलं असावं, असं माझं मत.

१६ एप्रिल १९९२, इस्तंबूल, अंतिम सामना जुवेंतुत बादालोनाशी. शेवटच्या काही सेकंदांत बादालोना ७०–६८ ने पुढे गेलं. पार्टिझानने टाइमआउट घेतला नाही. चेंडू लगेच आत आला, जोर्जेविच मैदानभर धावत गेला आणि पळता पळता तीन गुणांचा फटका. ७१–७०. टाइमआउट न घेण्यात एक हिशेब असतो: बास्केट झाल्यावर समोरचा बचाव अजून वळलेला नसतो, तुम्ही घड्याळ थांबवलंत तर त्यांनाही उभं राहायला वेळ मिळतो. गार्ड भरवशाचा असेल तर पळू द्यावं. पण समितीने एवढं ध्यानात घ्यावं, की तो चेंडू रिंगला लागून बाहेर गेला असता तरी ओब्रादोविचची नेमणूक तितकीच योग्य ठरली असती, आणि आत गेला म्हणून कुठल्याही गार्डची नेमणूक योग्य ठरत नाही. एका फटक्यावरून पद्धत ठरवू नये.

तो प्रशिक्षक होता हे खरं कळलं पुढच्या तीन वर्षांत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे पार्टिझानला विजेतेपद राखायची संधीच मिळाली नाही. १९९३ मध्ये तो स्पेनला गेला, आणि ज्यांना इस्तंबूलमध्ये हरवलं त्याच बादालोनाचा प्रशिक्षक झाला. १९९४ चा अंतिम सामना तेल अवीवला, ऑलिंपियाकोसविरुद्ध, ५९–५७. कॉर्नी थॉम्पसनच्या तीन गुणांवर. लगेच १९९५ मध्ये रिअल माद्रिदबरोबर, सारागोसामध्ये, पुन्हा ऑलिंपियाकोसवर ७३–६१, आता आत अर्विदास साबोनिस हा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. म्हणजे तीन संघ आणि तिघांचा पिंड वेगळा: एक तरुण आणि धावता, दुसरा अनुभवी आणि सावकाश, तिसरा एका महाकाय सेंटरभोवती बांधलेला. निकोलिचही आता बरोबर नव्हते. जो आपलंच एक ठरलेलं तंत्र घेऊन गावोगाव फिरतो त्याला हे जमत नाही.

एक आठवण करून देतो, आकडे वाचताना उपयोगी पडेल. तेव्हा चढाईला ३० सेकंद मिळत. २००० साली फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, ते २४ केले, चेंडू पुढच्या अर्ध्यात न्यायला १० ऐवजी ८ सेकंद दिले आणि २० मिनिटांच्या दोन डावांऐवजी १० मिनिटांची चार सत्रं आणली. २०१० मध्ये तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ वर गेली. ओब्रादोविचची नऊ युरोपियन विजेतेपदं या सगळ्या बदलांच्या अलीकडे-पलीकडे पसरलेली आहेत: १९९२, ९४, ९५, मग पनाथिनायकोसबरोबर २०००, २००२, २००७, २००९, २०११ आणि फेनेरबाह्चेबरोबर २०१७. रेषा अर्धा मीटर मागे गेली की कोपऱ्यातला नेमबाज आणि मदतीला येणारा बचावपटू यांच्यातलं अंतर वाढतं, मदतीची पावलं बदलतात, सगळा बचाव नव्याने शिकवावा लागतो. त्याने तो शिकवला.

पनाथिनायकोसमध्ये तो १९९९ ते २०१२ असा १३ मोसम होता आणि दिमित्रिस इतूदिस त्याचा सहायक. हाच इतूदिस पुढे सीएसकेए मॉस्कोचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि २०१६ च्या अंतिम सामन्यात त्याने गुरूच्याच फेनेरबाह्चेला जादा वेळेत १०१–९६ असं हरवलं. ओब्रादोविचच्या हाताखाली खेळलेला शारूनास यासिकेविचुस २०२५ मध्ये प्रशिक्षक म्हणून युरोलीग, म्हणजे युरोपची मुख्य क्लब स्पर्धा, जिंकला. १९९२ चा तो फटका मारणारा जोर्जेविचही प्रशिक्षक झाला, सर्बियाला २०१४ ची जागतिक स्पर्धा, २०१६ चं ऑलिंपिक आणि २०१७ ची युरोपियन स्पर्धा अशी तीन रौप्यं त्याने मिळवून दिली. या शाळेची माणसं आपल्याकडेही आली: भारताच्या पुरुष संघाला २०१९ पासून काही वर्षं वेसेलिन मातिच या सर्बियन प्रशिक्षकाने शिकवलं, ज्याच्या हाताखाली इराण २००९ मध्ये आशियाई विजेता झाला होता.

थेट खेळाडूचा प्रशिक्षक होणाराही ओब्रादोविच एकटा नव्हे. १९९२ च्या उपांत्य सामन्यात पार्टिझानने ज्या मिलानला ८२–७५ ने हरवलं, त्यांचा प्रशिक्षक माइक डँटोनी. तोही मिलानचाच पॉइंट गार्ड, १९९० मध्ये खेळ थांबवून लगेच त्याच क्लबचा मुख्य प्रशिक्षक झालेला. दोघेही पॉइंट गार्ड, दोघेही स्वतःच्याच क्लबमध्ये, दोघांनीही खेळणं पूर्ण सोडून. योगायोग म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही.

आता तुमच्या क्लबच्या मुलाकडे येऊ. पॉइंट गार्डला इतरांपेक्षा एक पाऊल पुढे समजायला हरकत नाही, पण त्याची खोड वेगळी असते. त्याला पास ‘दिसतो’. प्रशिक्षक झाल्यावर तो नव्या गार्डला विचारतो, ‘तुला हे दिसलं कसं नाही?’ आणि तिथे सराव संपतो, कारण या प्रश्नाला उत्तर नसतं. त्याने पहिलं काम करायचं ते दिसण्याचे नियम बनवण्याचं. उदाहरणार्थ पिक अँड रोल, म्हणजे सोबत्याने बचावपटूच्या वाटेत उभं राहून (स्क्रीन लावून) मग बास्केटकडे घुसायचं: स्क्रीनवरून बाहेर पडल्यावर दोन ड्रिबलच्या आत निर्णय. स्क्रीन लावणाऱ्याचा बचावपटू बाहेर येऊन वाट अडवत असेल तर आत घुसणाऱ्या आपल्या उंच खेळाडूला फ्री थ्रो रेषेजवळ छोटा पास. तो उंच बचावपटू मागेच थांबला असेल तर स्वतः शॉट. पलीकडच्या बाजूच्या बचावपटूचे दोन्ही पाय पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकटीत) आले असतील तर कोपऱ्यात पास. हे चार-पाच वाक्यांत कागदावर उतरत नसेल तर तो अजून खेळाडूच आहे.

दुसरी खोड, फार शिकवणं. माझा आग्रह असतो की पहिल्या सहा आठवड्यांत अर्ध्या मैदानावरच्या दोन चढाया, झोनविरुद्ध (जागा वाटून केलेल्या बचावाविरुद्ध) एक, प्रेस (मैदानभर दबाव टाकणारा बचाव) मोडायची एक, आणि बेसलाइन व साइडलाइनवरून चेंडू आत आणायची प्रत्येकी एक, एवढंच. पिक अँड रोलविरुद्ध दोन प्रकारचे बचाव पुरेत: एक नेहमीचा, एक सामन्यात बदलायला. खेळाडू म्हणून त्याला वीस चाली पाठ असतील. संघाला सहा पाठ झाल्या तरी नशीब. दोन तासांच्या सरावात मी पंधरा मिनिटं चेंडूसह अंग गरम करायला, पंचवीस मिनिटं एकास एक आणि दोनास दोन बचावाला, तीस मिनिटं तीनास तीन आणि चारास चार पिक अँड रोलला, चाळीस मिनिटं पाचास पाचला आणि शेवटची दहा मिनिटं दमल्यावरच्या फ्री थ्रोला देतो. मिनिटं कागदावर लिहिलेली हवीत आणि घड्याळ सहायकाच्या हातात. नव्या प्रशिक्षकाचा पाचास पाचचा भाग हमखास तासभर लांबतो, कारण तिथे त्याला स्वतः खेळल्यासारखं वाटतं.

बेंचवर तर अंधारच असतो. खेळाडूने टाइमआउट कधी मोजलेले नसतात. फिबाच्या नियमाप्रमाणे पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्या अर्ध्यात तीन. पण चौथ्या सत्राची शेवटची दोन मिनिटं उरली की जास्तीत जास्त दोनच घेता येतात. तिन्ही राखून ठेवले तर एक फुकट जातो. पहिल्या अर्ध्यातले उरलेलेही पुढे चालत नाहीत. टाइमआउट एका मिनिटाचा. त्यातली पहिली दहा-पंधरा सेकंदं प्रशिक्षकाने सहायकाशी बोलावं, खेळाडूंना पाणी पिऊ द्यावं, मग बचावाबद्दल एक आणि चढाईबद्दल एक, अशा दोनच गोष्टी सांगाव्यात. सहायकाकडे तीन नोंदी कायम: कुणाचे किती फाउल, सत्रातले सांघिक फाउल किती (चार झाल्यावर पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो), आणि समोरून कोण आत आला. हा सहायक नसेल तर नेमणूक पुढे ढकला, एवढं मी ठामपणे सांगतो.

कालच्या सोबत्यांचा प्रश्न पहिल्याच दिवशी उघड मांडावा. उशिरा येण्याचा दंड किती, पहिल्या पाचात कोण हे कधी कळणार, तक्रार कुणाकडे करायची. संघासोबत बाहेरगावी गेल्यावर त्याने खेळाडूंच्या खोलीत राहू नये. हे कोरडं वाटेल, पण पहिल्यांदा मित्राला बसवायची वेळ येईल तेव्हा याच कोरडेपणाचा आधार असतो. ओब्रादोविचलाही हे प्रत्येक वेळी साधलं असं नाही. राष्ट्रीय संघाबरोबर १९९६ चं ऑलिंपिक रौप्य, १९९७ चं युरोपियन सुवर्ण, १९९८ चं जागतिक सुवर्ण असं सगळं मिळवल्यावर तो २००५ च्या युरोपियन स्पर्धेसाठी परत आला. स्पर्धा घरच्या मैदानावर, संघात नावं मोठी, आणि फ्रान्सकडून हरून उपांत्यपूर्व फेरीच्या आधीच बाहेर. त्यानंतरच्या पत्रकार परिषदेत खेळाडूंमधली भांडणं त्याने स्वतःच चव्हाट्यावर आणली. तोवर पाच युरोपियन विजेतेपदं गाठीशी असलेल्या माणसाची ही गत. तुमचा मुलगा पहिल्या वर्षी अडखळला तर समितीने पंधरा दिवसांत सभा बोलावू नये.

मुदतीचंही आधी ठरवा. २०१३ मध्ये फेनेरबाह्चेत गेल्यावर पहिल्या मोसमात ओब्रादोविचच्या हाती युरोलीगमध्ये काही लागलं नाही. दुसऱ्या मोसमात क्लब पहिल्यांदा अंतिम चौघांत पोचला, तिसऱ्यात अंतिम सामना हरला, चौथ्यात, २०१७ मध्ये, इस्तंबूललाच ऑलिंपियाकोसला ८०–६४ ने हरवून जिंकला. तुर्की क्लबचं ते पहिलंच युरोलीग विजेतेपद. आठ विजेतेपदं खिशात असलेल्या प्रशिक्षकाला चार मोसम लागले. तुमच्या मुलाला निदान दोन द्या, आणि ते लेखी द्या.

खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही एकाच वेळी चालेल का, हेही तुम्ही विचारलंय. संघाला प्रशिक्षक नसेल तर कर्णधाराने ते काम पाहावं, अशी सोय नियमात आहे. पण ती अडीअडचणीसाठी. पूर्ण मोसम तसं चालवलं की तो दमलेला असताना स्वतःला बाहेर काढत नाही आणि बदली खेळाडूंना कधी आत जायचं तेच कळत नाही. त्याला खेळायचंच असेल तर आणखी दोन वर्षं खेळू द्या, क्लबच्या सोळा वर्षांखालच्या मुलांचा संघ त्याच्याकडे सोपवा, आणि उन्हाळ्यात पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम करून येऊ द्या. हाही चांगला मार्ग आहे, फक्त सावकाश.

आणि निर्णय आजच घ्यायचा असेल तर एक परीक्षा घ्या. तुमच्याच संघाच्या हरलेल्या सामन्यातलं एक सत्र, दहा मिनिटांचं चित्रण, त्याला द्या. ज्यात तो स्वतः बेंचवर होता असं निवडा. कागद-पेन्सिल देऊन सांगा: समोरच्यांनी कोणती चाल किती वेळा खेळली, आपण कुठे आणि का चुकलो, आणि उद्याच्या सरावात त्यासाठी कोणता व्यायाम किती मिनिटं घेशील. कागदावर खेळाडूंची नावं आणि ‘मन लावून खेळले नाहीत’ असं आलं, तर अजून थांबा. जागा, पावलं आणि मिनिटं आली, तर एखादा निवृत्त, मानमरातबाची भूक नसलेला जुना प्रशिक्षक शोधायला लागा.